चाबीवाल्यांचं वाण

चंदीगड
१८ नोव्हेंबर २०२४

लीना,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही. चुकून राहिलं असं समजू नकोस.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, म्हणून हे पत्र. तुझा विशाखापट्टणमचा पत्ता तुझ्या राजाभाऊंच्या इथल्या जुन्या ऑफिसातून मिळवला. त्यांच्या खुर्चीवर आता जे गृहस्थ बसतात त्यांना सांगितलं, लीनाचा डबा माझ्याकडे राहिलाय, पाठवायचाय. डबा खरंच आहे, तो निळ्या झाकणाचा. पाठवणार मात्र नाही. पत्र रजिस्टर्ड टाकतेय, पोचपावतीसकट, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय तुला उरणार नाही.

तर सरळ विचारते. चाबीवाल्यांकडून तुला माझ्यामागे किती दलाली मिळाली?

गेल्या संक्रांतीला झिरकपूरला तुझ्या फ्लॅटवर हळदीकुंकू झालं. सगळ्यांना कंगवे, आरसे, प्लॅस्टिकचे डबे वाटून झालेत, आता तू काहीतरी वेगळं वाण देणार, अशी इथल्या मराठी मंडळात आधीच कुजबुज होती. दिलंस खरं वेगळं. तिळगुळाबरोबर एकेक लिफाफा, वर चंदेरी अक्षरं, आत 'चाबी वेल्थ ॲकॅडमी'च्या फुकट वर्गाचा पास. स्वतःचे पैसे न घालता स्वतःचं घर. वाणाला नाही म्हणायचं नसतं आणि त्याची चौकशीही करायची नसते, हे तुला चांगलं माहीत होतं.

मी कशी बाई आहे तेही तुला माहीत होतं. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून चुंबक शोधणारी. मला या शहरात कोणी हिंदीत फसवू शकलं नसतं, पंजाबीत नाही, इंग्रजीत तर नाहीच. तू मराठीत सांगितलंस. इथे घराबाहेर आठवडा आठवडा मराठी शब्द कानावर पडत नाही. पोटची पोरगी जाई, तिला 'जेवलीस का' विचारलं तर 'हाँ मम्मी, खा लिया' म्हणते. अशा गावात एक बाई माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, माझ्याच हातची चकली खात म्हणते, "पैसे परत मिळतात गं लतिका, मी विचारून घेतलंय." तिच्यावर संशय घ्यायचा असतो हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि मला घर हवं होतं. हे तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलले नाही. देवदत्तांच्या भूजल खात्याने रायपूर, जम्मू, चंदीगड फिरवलं, प्रत्येक ठिकाणी सरकारी क्वार्टर, आणि क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही हा नियम. खात्याचा नव्हे, देवदत्तांचा. लग्न झाल्यापासून आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असतं. मला एक भिंत हवी होती, माझी, जिच्यात मी हवे तेवढे खिळे ठोकीन. तू त्या भिंतीवरच बोट ठेवलंस.

फुकट वर्गानंतरच्या मोठ्या वर्गाला मी जी फी भरली, ते पैसे माझे होते. मोहालीतली आयटीतली मुलं दिवाळीला माझ्याकडून फराळ नेतात, त्यांच्या चकल्या-अनारशांचे, कितीतरी वर्षांचे साठवलेले. देवदत्तांना ठाऊक नाही.

बदल्यात मिळालं काय? एक पितळी रंगाची वीतभर किल्ली, स्टेजवर टाळ्यांच्या गजरात. कुठल्याच कुलपाला न लागणारी, वर नंबर कोरलेला. शिकवलं काय, तर न बांधलेल्या फ्लॅटचं टोकन नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन भरा आणि ताबा मिळायच्या आत तो फ्लॅट दुसऱ्याच्या गळ्यात मारा. मी दुसऱ्याच दिवशी पैसे परत मागितले. तेव्हापासून इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवतेय. खाली टाइल्सचं शोरूम, वर हे. तिथे विर्क नावाचा गोड माणूस बसतो. आधी चहा, मग बोलणं. "आंटीजी, रिफंड तो पक्का है, बस आख़री साइट विज़िट हो जाए." सगळ्या साइट बघितल्याशिवाय रिफंड नाही असं फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात आहे, आणि ती शेवटची साइट काही होत नाही. कधी धुकं, कधी ड्रायव्हर आजारी, कधी झिरकपूरला ट्रॅफिक जाम, जणू तो रोज नसतो.

परवा तर म्हणाला, लगेच रिफंड देऊ असं आमच्यापैकी कुणी बोललेलंच नाही. "कोई बाहर की मैडम ने बोल दिया होगा." आणि वर, "आज तक किसी ने शिकायत नहीं की जी. एक आप ही हो."

बाहेरची मॅडम म्हणजे तू. आता तू सांग, तू बाहेरची की आतली?

लतिका


१० डिसेंबर २०२४

लीना,

पोचपावती आली. सही तुझीच आहे, तुझा 'ली' मी कुठेही ओळखीन. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं, तू ते वाचलंस आणि गप्प बसलीस. निरपराध माणूस असा गप्प बसत नाही, निदान माझ्या ओळखीचा तरी नाही.

परवा चंपाषष्ठीला सरोजताईंकडे भरीत-भाकरीला गेले होते. अकोल्याची बाई, भरीत असं करते की माणूस भांडणं विसरतो. मी विसरले नाही. कांद्याची पात चिरायला म्हणून आत गेले, तर सरोजताई लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उचकटत होत्या. कशाने? पितळी, वीतभर किल्लीने.

मी विळी खाली ठेवली आणि नुसती बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली पदराखाली घातली आणि म्हणाल्या, "भंगारवाल्याकडची हाय." त्यांचं खोटं बोलणं इतकं वाईट आहे की मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "माझ्याकडेही तसलीच आहे, ताई. कपाटात साड्यांच्या खाली."

त्या तिथेच पाटावर बसल्या. "मले वाटलं, मीच येकली येडी हाओ वं."

तेवढ्यात अबोली पाणी घ्यायला आत आली. तू हिला ओळखत नाहीस. मोहालीत आयटीत आहे, तू गेल्यानंतर मंडळात यायला लागली, रविवारची सरोजताईंकडे जेवते. किल्ली बघितली आणि हातातला तांब्या तसाच. तिच्याकडेही होती. होणाऱ्या नवऱ्यापासून लपवून ठेवलेली.

आम्ही तिघी वेगवेगळ्या तारखांच्या वर्गांना गेलो होतो, पण तिघींनाही विर्कने एकच वाक्य ऐकवलं होतं. आज तक किसी ने शिकायत नहीं की, एक आप ही हो. तिघीही ऐकून शरमेने घरी आलो होतो आणि तिघींनी एकमेकींच्या ताटात भरीत वाढत, हसत, गेलं वर्ष काढलं होतं. सरोजताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच पैशांवर अडलंय. गुडघा दुखतो त्यापेक्षा सून काय म्हणेल त्याची त्यांना जास्त भीती आहे.

मी दर वेळी मंडळात गेल्यावर कुणाच्या मनात काय ते तोंडाकडे बघून ओळखायची गं. आणि हे नाही ओळखलं. याचा मला स्वतःचा राग आला आहे, पण तुझ्यावरचा त्यामुळे कमी झालेला नाही. सरोजताईंनाही पास तूच दिला होतास.

डबा अजून माझ्याकडेच आहे.

लतिका


२८ डिसेंबर २०२४

लीना,

आम्ही तिघी मिळून गेलो. विर्कने बघितलं, क्षणभर चेहरा उतरला, मग तोंडभर हसला. "आओ जी, आओ, पूरी फ़ैमिली आ गई." चहा आला आणि चहा संपायच्या आत तिघी तीन केबिनमध्ये होतो. कशा गेलो ते आम्हालाही कळलं नाही. एकीला फॉर्म तपासायला, एकीला सही जुळवायला, आणि मला "दो मिनट" त्याच्या टेबलापाशी.

आता नीट वाच. तो म्हणाला, "आंटीजी, संक्रांत आ रही है ना? वो आप लोगों का हल्दी-कुमकुम होता है. पाँच लेडीज़ ले आओ बस. आपका पूरा रिफंड मेरी ज़िम्मेदारी." आणि ड्रॉवरमधून लिफाफे काढून समोर ठेवले. चंदेरी अक्षरांचे, तिळगुळाबरोबर हातात मावतील असे.

लीना, त्या माणसाला हळदीकुंकू कुणी शिकवलं? आपल्या पंजाब्यांची लोहडी म्हणाला असता तर मी समजू शकले असते. या शहरात माझ्या शेजारणीला हळदीकुंकू म्हणजे काय ते सांगता सांगता माझी इतकी वर्षं गेली, आणि याला त्याची तिथीसुद्धा ठाऊक.

मी नाही म्हटलं नाही. लिफाफे पर्समध्ये टाकले आणि 'सोचती हूँ' म्हणून उठले. हे सरोजताईंना आणि अबोलीला अजून सांगितलेलं नाही, तुलाच सांगतेय, कारण तू काही कुणाला सांगायला येत नाहीस.

सेक्टर त्रेचाळीसच्या बसमध्ये बसल्यावर तुझं ते वाक्य आठवलं. "पैसे परत मिळतात, मी विचारून घेतलंय." मी वर्षभर ते एकाच बाजूने ऐकत होते. विचारलं होतंस, पण कुणासाठी? माझ्यासाठी, की तुझ्यासाठी? राजाभाऊंच्या बदलीच्या गोष्टी तेव्हा सुरू झाल्या होत्या. तुझे स्वतःचे पैसे तिथे अडकलेले होते का? विर्कने तुझ्यापुढेही असेच लिफाफे ठेवले होते का, पाच बायका आण आणि जाताना तुझे पैसे घेऊन जा म्हणून?

तसं असेल तर लिही. हो म्हण किंवा नाही म्हण.

पण असंही असेल की मला तुला वाचवायचंय म्हणून मी ही गोष्ट रचतेय. माझा हा स्वभाव नाही, त्यामुळे मला त्याचाही संशय येतो. तुझ्याकडे किल्ली मी कधी बघितली नाही. तू माझ्या वर्गाला इतरांबरोबर बसली नाहीस, मागे उभी असायचीस, दाराशी. आतली माणसंच दाराशी उभी असतात.

लतिका


१७ जानेवारी २०२५

लीना,

संक्रांत झाली. तुझा तिळगूळ आला नाही. माझाही आला नसेल, मी पाठवलाच नव्हता.

कोर्टाच्या आवारात मोफत कायद्याचा सल्ला मिळतो. तिथल्या वकीलबाईंनी आमची नोटीस लिहून दिली, पैसे परत करा नाहीतर ग्राहक आयोगात येतो म्हणून. नोटीस जाऊन आठवडा झाला नाही तोच विर्कचा फोन. आवाजात साखर. "चेक रेडी है आंटीजी, पूरा अमाउंट."

गेले. चेक खरंच होता. माझं नाव, बरोबर स्पेलिंगचं. मी तो उजेडाकडे धरून बघितला, तर विर्क म्हणाला, "असली है जी." त्याच्या शेजारी एक टाइप केलेला कागद. त्याच्यावर फक्त सही करायची.

कागद घरी आणलाय. त्यात काय आहे ते सांगते. ॲकॅडमीने कधीही खोटं आश्वासन दिलं नाही. श्रीमती लीना यांनी हळदीकुंकवाच्या बहाण्याने मला आपल्या घरी बोलावलं, रिफंडबद्दल खोटं सांगितलं आणि मला या वर्गाला पाठवलं. त्यांचा ॲकॅडमीशी विद्यार्थी किंवा प्रतिनिधी म्हणून काहीही संबंध नाही. माझी जी काही तक्रार आहे ती श्रीमती लीना यांच्याविरुद्ध आहे.

मी तुला पहिल्या पत्रात जे जे लिहिलं तेच आहे, फक्त हिंदीत आणि शुद्ध. माझा संशय दुसऱ्याने टाइप करून माझ्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्यावर चेक ठेवला. एवढंच करायचं होतं, आणि चकल्यांचे सगळे पैसे परत.

देवदत्तांना आता सगळं कळलंय. किल्लीच सापडली त्यांना साड्यांखाली. "ही कुठल्या कुलपाची?" त्यांनी विचारलं, आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "घर हवं होतं तर मला बोलायचं होतंस." मी म्हटलं, "तुम्ही खिळा ठोकू देत नाही, घर काय देणार?" जाई म्हणाली, "मम्मी, साइन कर दो ना यार. आंटी ने भी तो आपको ब्लॉक कर दिया." तिचं काय चुकलं?

मी सही केलेली नाही. करणार नाही असंही म्हणत नाही. रथसप्तमीपर्यंत मुदत आहे. तू मला एवढंच लिही, तुला माहीत होतं का? माहीत असून मला दिलंस, तर मी सही करीन आणि पुन्हा तुझं नाव घेणार नाही. माहीत नसताना दिलंस, तर ते लिही. मला तुझा राग येतो त्याहून जास्त तुझी आठवण येते, आणि त्याचाही रागच येतो.

लतिका


२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय लीना,

रथसप्तमी आली तरी तुझं पत्र आलं नव्हतं. म्हणून मी हळदीकुंकू केलं.

सगळ्या मंडळाला बोलावलं नाही. सरोजताई आणि अबोली, दोघीच. विर्कने त्यांनाही एकेकटीला गाठून कागद दिला असणार, हा माझा अंदाज होता. दोघींना सांगितलं होतं, येताना तो कागद आणा. दोघींनी आधी 'कोणता कागद' विचारलं. मग दोघीही घेऊन आल्या.

अत्तर, गुलाबपाणी, ओटी, सगळं रीतसर झालं. मग मी तिन्ही कागद दिवाणावर शेजारी शेजारी मांडले. अक्षर न अक्षर सारखं, फक्त नावं बदललेली. सरोजताईंनी चष्मा लावला. त्या सही करायच्या बेतानेच आल्या होत्या, पर्समध्ये पेनसुद्धा होतं. मला स्पष्ट म्हणाल्या, "मी त सही करतो वं. मले माह्या गुडघ्याचं पायनं हाय. लीनाचं लीना पाहीन." मी त्यांना अडवलं नाही. मला कोणत्या तोंडाने अडवता आलं असतं? माझ्या पर्समध्येही पेन होतं.

सरोजताई वाचत वाचत 'बहाण्या'पाशी आल्या आणि थांबल्या. "हळदीकुंकवाचा बहाना? हळदीकुंकवाचा बहाना कोन करते वं?" त्यांचा आवाज असा चढला की देवदत्त बाहेरच्या खोलीतून डोकावले. त्यांना फसवलं गेल्याचा एवढा राग आला नव्हता जेवढा त्या शब्दाचा आला.

पण खरी गोष्ट अबोलीने काढली. ती शांतपणे म्हणाली, "काकू, माझ्या कागदातही लीनाताईंनी मला हळदीकुंकवाला घरी बोलावलं असं आहे. मी त्यांना बघितलेलंसुद्धा नाही. मला पास आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मिळाला, यांच्या स्टॉलवर."

लीना, मी बायकांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखते म्हणून मिरवते आणि हा कागद आठवडे न् आठवडे उशाशी घेऊन झोपले. त्यांना तू कोण आहेस याच्याशी घेणंच नव्हतं. त्यांना दूर गेलेली, फोन न उचलणारी एक बाई हवी होती, आणि ती त्यांना आमच्यामध्ये आयती मिळाली. फोन तू उचलत नाहीस हे विर्कला कुणी सांगितलं असेल? मीच. त्याच्या टेबलावर चहा पीत, चिडून.

तुला माहीत होतं की नाही ते मला त्या दिवशीही माहीत नव्हतं. तरी आम्ही तिघींनी सह्या केल्या नाहीत. मी आयुष्यात पुराव्याशिवाय केलेली ही पहिली गोष्ट, आणि सवय नसल्यामुळे दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिन्ही कागद आणि विर्कने दिलेले चंदेरी लिफाफे वकीलबाईंकडे दिले. त्यांनी अबोलीच्या कागदावर लाल रेघ मारली आणि चाबीवाल्यांना फोन लावला. इंग्रजीत बोलल्या, आवाज न चढवता. दुसऱ्या दिवशी विर्कचा मला फोन. कागद नको, सही नको, तिघींचे चेक घेऊन जा, फक्त आयोगात जाऊ नका. मी म्हटलं, "तीन नाही. चार. लीनाचाही." मला स्वतःलाच कळलं नाही हे कुठून आलं. तो म्हणाला, "वो कौन? वो तो हमारी स्टूडेंट थी ही नहीं जी. कोई प्रूफ़ है?"

प्रूफ नव्हतं. मी फोन ठेवला आणि तुला मनातल्या मनात पुष्कळ बोलले.

शुक्रवारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. विशाखापट्टणमचा शिक्का, आत जड काहीतरी. आधी हलवून बघितलं. मग कात्रीने एका बाजूने कापलं, आतलं काही फाटायला नको म्हणून. पत्र असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. काही नव्हतं. फक्त पितळी, वीतभर किल्ली.

नंबर माझ्या किल्लीच्या आधीचा आहे, पुष्कळ आधीचा. म्हणजे तू आमच्या आधी त्या स्टेजवर चढली होतीस, टाळ्या ऐकल्या होत्यास, पैसे मागायला त्या पायऱ्या चढली होतीस, आणि त्या दाराशी तू उभी असायचीस ती आतली म्हणून नव्हे, पैसे मिळायची वाट बघत. आणि हे राजाभाऊंपासून लपवून. तू मला न सांगता सांगितलंस. मी किल्ली हातात धरून स्वयंपाकघरात खाली बसले. मला तुझा राग आला, कारण एक ओळ लिहायला काय झालं होतं? आणि मला कळलं, कारण मीही साड्यांखालीच ठेवली होती.

विर्कला नंबर वाचून दाखवला. त्याने तो रजिस्टरात पडताळून घेतला. मग म्हणाला, "उनका साइन भिजवा दो जी." वकीलबाईंनी चौघींचा मिळून एकच करारनामा केलाय. चारही सह्या झाल्याशिवाय चाबीवाल्यांचा चेक कुणी घ्यायचा नाही, असं आम्ही ठरवलंय, कारण तिघींनी घेतले की चौथी त्यांच्या दृष्टीने पुन्हा बाहेरची मॅडम. सरोजताई कुरकुरल्या. "तिले सांग, लवकर कर म्हना, माहा गुडघा थांबणार नाय." तर लवकर कर.

करारनामा सोबत आहे. पेन्सिलीची फुली मारलीय तिथे सही कर. राजाभाऊंना सांग, सांगितल्यावर माणसं वाटतं तेवढं ओरडत नाहीत. किल्ली मी परत पाठवत नाही. ती आमच्या बैठकीच्या खोलीत कॅलेंडरशेजारी आहे, माझ्या किल्लीच्या बाजूला. देवदत्तांनी स्वतः खिळा ठोकला. वाकडा बसलाय, पण ठोकला.

तुझ्या वाटणीचं वाणही याच पार्सलात आहे. चहाची गाळणी आहे. तुझ्याच निळ्या झाकणाच्या डब्यात घालून पाठवतेय. बाकी डब्यात काही नाही, उलटा करून बघ.

सही निळ्या शाईत कर. काळी केलीस तर तो विर्क झेरॉक्स म्हणेल, त्याच्यावर माझा विश्वास नाही. तुझ्यावर आहे असं अजून तोंडाने म्हणवत नाही. पण तिघींचे चेक मी तुझ्यासाठी थांबवून धरलेत, त्यावरून काय ते समज.

तुझी
लतिका